वह्यांचा गठ्ठा आणि स्वतःचं वाक्य : गंगाखेड तालुक्यातलं एक प्रकरण

विद्यार्थिनी अकरावी विज्ञानाची. गाव परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातलं. सातवीपर्यंत गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा, आठवी ते दहावी शेजारच्या मोठ्या गावातलं अनुदानित विद्यालय आणि त्यानंतर तालुक्याच्या ठिकाणचं आमचं कनिष्ठ महाविद्यालय. आईवडिलांची कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर, जोडीला शेळ्या. दहावीला इंग्रजीत चांगले गुण. पुढे बीएस्सी ॲग्री करायचं हे नववीतच ठरलेलं. तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहितो आहे; तिचं, गावाचं आणि शाळांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी वर्गाला एक साधं काम दिलं. काल कॉलेज सुटल्यापासून झोपेपर्यंत काय केलंत, ते आठ-दहा ओळींत इंग्रजीत लिहा. पुस्तक बंद, मोबाईल दप्तरात. तिच्या कागदावर 'माय डेली रूटीन' हा निबंध उतरला होता. "आय गेट अप अर्ली इन द मॉर्निंग. आय ब्रश माय टीथ." स्पेलिंग एकही चुकलेलं नाही, अक्षर टपोरं, समास सोडलेला. पण विचारलेली संध्याकाळ त्यात कुठेच नव्हती.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, काल खरंच काय झालं? मराठीत तिनं झरझर सांगितलं. एसटी उशिरा आली. घरी पोहोचेपर्यंत आभाळ भरून आलं. खळ्यावर सोयाबीनचा ढीग उघडा होता, तिनं आणि आईनं धावत जाऊन ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग लाइट गेली. मी म्हटलं, "मग हेच लिही की." तिनं अगदी मनापासून विचारलं, "हे इंग्रजीत कुठं दिलंय, सर?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी हे कुठंतरी आधीच दिलेलं असतं आणि आपलं काम ते तिथून उचलून वहीत मांडणं, एवढीच तिची समजूत होती. अभ्यासू मुलीची, पहिल्या बाकावरच्या मुलीची ही समजूत अकरावीपर्यंत टिकली असेल तर ती रोज थोडी थोडी घडत गेलेली असणार. ती कशी घडली हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण तिच्या आईनं पहिलीपासूनच्या वह्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. "लेकराच्या हातचं हाय सर, रद्दीत कसं टाकावं?" असं म्हणत त्यांनी अख्खा गठ्ठा ओसरीवर आणून ठेवला.

वह्यांमध्ये काय होतं

पहिली-दुसरीच्या चार रेघी वह्या. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आणि त्यातल्या काहींच्या शेपट्या त्या रेघेखाली जातात. दोन्ही लिप्या एकाच वेळी शिकणाऱ्या लेकरांचा इथे गोंधळ होतोच. तिचे जी, वाय आणि पी सुरुवातीला रेघेवर बसलेले आहेत, शेपूट वर ओढून घेतलेलं. दुसरीच्या अखेरीला ते जागेवर आले. गुरुजींनी हात धरून गिरवून घेतलेलं स्पष्ट दिसतं आणि ते काम त्यांनी चोख केलं आहे.

तिसरी-चौथीत शब्द, अर्थ आणि प्रत्येक स्पेलिंग पाच-पाच वेळा. पाचवीपासून फळ्यावरची प्रश्नोत्तरं. सगळ्या वर्गाचं उत्तर एकच, त्यामुळे वही तपासायला सोपी. सातवीत निबंध सुरू झाले आणि तिथे मी थांबलो. 'माय फादर' या निबंधात तिनं लिहिलं आहे की वडील ऑफिसात काम करतात, सकाळी स्कूटरवर जातात आणि रविवारी आम्हाला बागेत फिरायला नेतात. खाली लाल शाईत बरोबरची खूण आणि 'गुड'. मी हे वाचत होतो तेव्हा तिचे वडील समोर बैलाला पाणी दाखवत होते. तिला त्या निबंधाचं काही वावगं वाटलं नव्हतं. गाईडमध्ये तसंच होतं. तिच्या मते तो निबंध होता, वडिलांशी त्याचा संबंध नव्हता.

नववी-दहावीच्या वह्यांत पत्रलेखन आहे. पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवट, सगळं जिथल्या तिथे. अनियमित पाणीपुरवठ्याची तक्रार करणारं पत्र तिनं अनेकदा लिहिलं आहे आणि दर वेळी ते पुण्याच्या महापालिका आयुक्तांना उद्देशून आहे. तिच्या स्वतःच्या गावात नळाला पाणी कधी येतं, उन्हाळ्यात टँकरची वाट किती पाहावी लागते, हे ती कुणाहीपेक्षा नेमकं सांगू शकते. त्यातला एक शब्दही पत्रात नाही.

आणि मग सहावीच्या वहीचं शेवटचं पान. मागच्या बाजूनं, पेन्सिलीनं, आडव्या-तिडव्या ओळी: "टुडे माय गोट गिव्ह टू बेबी. वन ब्लॅक. वन ब्लॅक अँड व्हाइट. आय नॉट स्कूल. आय हॅपी." शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला दाखवायला लिहिलं होतं, असं ती म्हणाली. मागच्या पानावर असल्यामुळे ते कुणी तपासलं नाही.

संपूर्ण गठ्ठ्यात तिनं स्वतः रचलेलं इंग्रजी एवढंच. काळ चुकला आहे, अनेकवचन नाही, चार वाक्यांत क्रियापदच नाही. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इथे तिनं ते कर्माच्या आधी ठेवलं आहे. कुणी नियम न सांगता, पाठ केलेल्या शेकडो वाक्यांतून तिच्या डोक्यात इंग्रजी वाक्याचा सांगाडा तयार झाला होता. शिवाय या ओळींना वाचणारी कुणीतरी होती आणि तिला कळवण्यासारखी बातमी होती. सहावीतल्या त्या पानाला तेव्हा कुणी "दोन्ही करडं कशी दिसतात? त्यांना काय म्हणतेस?" एवढं जरी विचारलं असतं, तरी पुढची पाच वर्षं वेगळी गेली असती असं मला ठामपणे वाटतं.

हे असं का होतं

शिक्षकांच्या माथी खापर फोडून हे सुटणार नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून. ज्यांनी ते शिकवायला घेतलं, त्यांतले बहुतेक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, पाठांतरानंच शिकलेले. एका खोलीत दोन-दोन वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरण्याची कामं. वही तपासणीला आलेले साहेब वही भरलेली आहे का, तारखा आणि सह्या आहेत का, हे पाहतात. भरलेली वही फळ्यावरून उतरवूनच लवकर होते. चुकांनी भरलेल्या पानावर सही करायला धीर लागतो, आणि तो धीर दाखवणाऱ्याच्या पाठीशी कुणी उभं राहील याची खात्री नसते.

परीक्षांकडे पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा वस्तुनिष्ठ. नीट, सीईटी वस्तुनिष्ठ. लातूर-नांदेडकडे जाणारी मुलं दोन वर्षं गोल काळे करण्याचा सराव करतात, आणि त्या परीक्षेसाठी ते योग्यच आहे. दहावीच्या इंग्रजीत ८० गुणांची लेखी आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. लेखीत लेखनकौशल्याचे प्रश्न असतात, पण विषय इतके ओळखीचे की पाठ करणाऱ्याला पुरेसे गुण मिळतात. म्हणजे पहिलीपासून बारावीपर्यंत एकाही दारावर कुणी स्वतःचं वाक्य मागत नाही. मोजमापाचंही तेच. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या 'असर'च्या, म्हणजे मुलांना काय येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या देशव्यापी पाहणीत, १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची चाचणी झाली होती. आपल्या राज्यातून त्यात नांदेड जिल्हा होता. देशपातळीवर ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. वाचन असं मोजलं गेलं, पण या मुलांना स्वतःच्या मनातलं लिहिता येतं का, हे त्या पाहणीच्या कक्षेतच नव्हतं.

आणि मग पदवीचं दार उघडतं. ॲग्रीला प्रवेश मिळाला की पहिल्याच सत्रात प्रॅक्टिकल रेकॉर्ड इंग्रजीत, लेखी पेपर इंग्रजीत. शेवटच्या वर्षी कृषिकन्या म्हणून गावात जायचं, शेतकऱ्यांशी मराठीत बोलायचं आणि त्याचा अहवाल इंग्रजीत लिहायचा. त्या गावातली माती, तो शेतकरी, त्याची अडचण कुठल्याच गाईडमध्ये नसते.

तिच्यासोबत काय केलं

सुरुवात मराठीपासून केली, आणि त्याला कारण होतं. वह्या चाळताना लक्षात आलं की तिचे मराठी निबंधही पाठ केलेलेच आहेत. 'पावसाळ्यातील एक दिवस' मध्ये मोर नाचत होता आणि बेडूक गात होते. खळ्यावरची ताडपत्री तिथेही नव्हती. मग प्रश्न एकट्या इंग्रजीचा उरत नाही. दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार असा की पहिल्या भाषेत कमावलेली वाचन-लेखनाची ताकद दुसऱ्या भाषेत कामी येते. इथे ती पहिल्या भाषेतच कमवायची राहिली होती. म्हणून पहिले काही आठवडे क्रम ठरवला: आधी तोंडी सांगायचं, मग मराठीत चार ओळी, मग त्यांतल्या दोन इंग्रजीत. नेमका शब्द आठवला नाही तर मराठी शब्द तसाच लिहायचा, अडून बसायचं नाही. तिच्या पहिल्या पानांत खळं, ताडपत्री, गोणपाट, तुरीचं तुराटं हे सगळे आले. मी ते खोडले नाहीत. वाक्य पुढे सरकलं की शब्द नंतर मिळतो. शब्दासाठी वाक्य थांबलं की तेही हातचं जातं.

दुसरी गोष्ट तपासण्याची. पानभर लाल शाई केली की मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, हे प्रत्येक शिक्षकानं पाहिलेलं असतं. म्हणून पंधरवड्याला एकच गोष्ट धरली. आधी फक्त भूतकाळ. बाकी चुका दिसल्या तरी हात लावायचा नाही. भूतकाळ बसला मग अनेकवचन, मग 'इज-आर-वॉज' सुटतात ते. 'अ' आणि 'द' सर्वात शेवटी, कारण मराठीत तशी सोयच नाही आणि ते वाचून वाचूनच अंगवळणी पडतात.

पुनर्लेखन तिला सुरुवातीला अजिबात रुचलं नाही. शाळेत 'परत लिही' ही शिक्षा होती; चुकलं की दहा वेळा लिहायचं. तेव्हा मी माझाच एक परिच्छेद तिच्यासमोर लिहिला, खोडला, वाक्यं वर-खाली केली, दोन काढून टाकली. लिहिणारा माणूस स्वतःहून खोडतो आणि त्यात कमीपणा नसतो, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. मुलांसमोर बसून लिहिणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित उपाय आहे. त्याला ना निधी लागतो ना प्रशिक्षण.

वाक्यं जोडण्यावर बराच वेळ दिला. तिनं लिहिलं होतं: "द रेन केम. वी रॅन. वी कव्हर्ड द सोयाबीन. वी पुट स्टोन्स." मी विचारलं, आधी काय, मग काय, कशासाठी? तिसऱ्या प्रयत्नात झालं: "व्हेन द रेन केम, वी रॅन अँड कव्हर्ड द सोयाबीन, अँड वी पुट स्टोन्स ऑन द कॉर्नर्स सो दॅट द विंड वुड नॉट लिफ्ट द ताडपत्री." त्या 'सो दॅट' पाशी ती स्वतःच हसली. कारण आणि परिणाम एका वाक्यात आले की लिहिणाऱ्याला आपण विचार केला असं जाणवतं. ग्रॅहम आणि पेरिन या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरचे लेखनाचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वाक्यं जोडण्याचा सराव, सारांशलेखन आणि लेखनाची पद्धत पायरीपायरीनं शिकवणं यांचा फायदा दिसला. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा दिसला नाही. ते अभ्यास इथल्या मुलांवरचे नव्हते, पण नुसते 'डू ॲज डायरेक्टेड'चे प्रश्न सोडवून लेखन का सुधारत नाही, हे त्यावरून कळतं.

बारावीच्या वर्षी जूनमध्ये घरी पेरणीची तयारी चालू होती. वडिलांनी घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला काढली होती. तिला म्हटलं, ही तुझी प्रॅक्टिकल. तिनं सरसकट घेतलेले शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं आणि काही दिवसांनी कोंब मोजले. मग इंग्रजीत लिहिलं: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. 'वॉज केप्ट', 'वर काउंटेड' हे कर्मणी प्रयोग पाठ्यपुस्तकात तिनं मुखोद्गत केले होते. इथे ते पहिल्यांदा कामाला आले, कारण गोणपाट कुणी ठेवलं यापेक्षा ते ओलं होतं हे महत्त्वाचं होतं. निष्कर्षात तिनं लिहिलं की उगवण सत्तर टक्क्यांच्या वर असल्यानं बियाणं पेरणीस योग्य आहे. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवणीचा निकष आहे, हे तिला वडिलांकडून कळलं होतं. त्या एका पानात घरचं ज्ञान, विज्ञान आणि इंग्रजी एकत्र बसलं. दोन वर्षांत तिनं लिहिलेलं मला सर्वात आवडलेलं पान तेच.

बारावीच्या इंग्रजीत 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे हा अभ्यासक्रम आपल्याला का करायचा आहे ते सांगणारं निवेदन, लिहायला असतं. वर्गात गाईडचा नमुना फिरत होता. तिनं तो वाचला, त्याची मांडणी पाहिली आणि आतला मजकूर स्वतःचा घातला. नक्कल वाईट नसते. चांगल्या मजकुराची बांधणी पाहून स्वतःचं काही तिच्यात घालणं ही लेखनाची जुनी वाट आहे. आतलंही उसनं आणलं की मात्र शिकणं थांबतं.

काय साधलं, काय नाही

बारावीच्या गुणपत्रिकेत या सगळ्यामुळे काही मोठा फरक पडला असं म्हणता येणार नाही. तीन तासांच्या पेपरात स्वतः विचार करून लिहायला वेळ लागतो. तिनं काही भाग पाठ करूनच लिहिला आणि मी अडवलं नाही. 'अ' आणि 'द' अजून चुकतात. लांब वाक्य मध्येच सुटतं. पण समोर कोरा कागद आणि अनोळखी विषय आला तर ती आता थांबत नाही. ॲग्रीच्या पहिल्या सत्रात तिच्या वर्गात सीनियर मुलांचं जुनं रेकॉर्ड उतरवायची पद्धत होती. तिनं मातीच्या नमुन्याचं निरीक्षण स्वतः लिहिलं आणि आपल्या शेतातल्या मातीशी तुलना करणारी दोन वाक्यं जोडली, असं तिनं फोनवर सांगितलं. "सरांनी इचारलं, हे कुठून घेतलं? म्हणलं, रानातून."

या मुलीला दोन वर्षं मिळाली, एका शिक्षकाचा जादा वेळ मिळाला. प्रत्येकाला ते मिळणार नाही. म्हणून तिच्या गावच्या शाळेत जाऊन गुरुजींशी बोललो, विद्यालयातल्या इंग्रजीच्या मॅडमशीही. वह्या समोर ठेवून बोलणं झालं, त्यामुळे कुणी कुणाला दोष दिला नाही.

अंगणवाडीत इंग्रजी लिहून घेऊ नये, यावर तिघांचंही एकमत झालं. नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, ३ ते ८ वय हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, आणि त्या वयात भर मातृभाषेवरच हवा. लेकरानं चित्र काढावं, त्यात काय आहे ते सांगावं आणि ताईंनी ते त्याच्यादेखत खाली लिहावं. आपण बोललेलं कागदावर उतरतं हे एकदा कळलं की लेखनाचा पाया पडला. पालकांना हे पटवणं अवघड आहे. इंग्रजी शाळेत गेलेलं शेजारचं पोरगं 'ए टू झेड' लिहून दाखवतं तेव्हा त्यांचा जीव कासावीस होतो.

पहिली-दुसरीत इंग्रजी कानावर आणि जिभेवर. तिसरीपासून रोज एक स्वतःचं वाक्य, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. गुरुजींनी हे लगेच सुरू केलं. फळ्यावर 'आय सॉ' एवढंच लिहितात, पुढचं ज्याचं त्यानं पूर्ण करायचं. कुणी माकड पाहिलेलं असतं, कुणी आजोबांना पडताना. अट एकच, शेजाऱ्याचं वाक्य आपलं असता कामा नये. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली लेकरं शाळेत नसतात. त्यांच्या वह्या नोव्हेंबरात तुटतात. गेल्या हंगामात गुरुजींनी त्यांच्या सोबत एकेक छोटी वही दिली. सगळ्यांनी लिहिलं असं नाही. पण चौथीतला एक मुलगा परत आला तो कारखान्याचं नाव, बैलगाडीची रात्रीची रांग, पाचटाची कोप म्हणजे झोपडी, हे सगळं अर्धं मराठी अर्धं इंग्रजीत लिहून. वर्गात ते वाचून दाखवलं तेव्हा मागे पडलेला म्हणून ओळखला जाणारा तो मुलगा पहिल्यांदा इतरांना काहीतरी शिकवत होता.

सहावी ते आठवीत परिच्छेद आणि वाक्यजोडणी. नववी-दहावीत मॅडमनी बोर्डाचाच आराखडा ठेवला, आतली माणसं बदलली. पाण्याच्या तक्रारीचं पत्र आता ग्रामपंचायतीला असतं. त्याची मराठी प्रत मुलांनी खरोखर नेऊन दिली. सरपंचांनी उत्तर दिलं आणि मुलांनी त्या उत्तराचा इंग्रजीत सारांश केला.

मोबाईलचा प्रश्न आता सगळीकडेच आहे. मराठी वाक्याचं क्षणात इंग्रजी करून मिळतं, आख्खा निबंधही मिळतो. गाईडपेक्षा हे सोपं आणि फुकट. म्हणून घरचा निबंध मी बंद केला आहे; लेखन वर्गात, हातानं, माझ्यासमोर. मोठ्या वर्गात सगळ्या वह्या रोज तपासणं अशक्य आहे, तेव्हा रोज काहीच वह्या घेतो आणि दोन पानं मोठ्यानं वाचतो. कुणाचं पान वाचलं जाईल हे माहीत नसतं, त्यामुळे सगळे लिहितात.

यंदाच्या पहिल्या घटक चाचणीत आम्ही एक प्रश्न बदलला: तुमच्या घरी किंवा शेतात केलं जाणारं एक काम कसं करतात ते लिहा. पाच गुण. वर्ग घेणाऱ्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की निकाल खाली येईल आणि पालक जाब विचारतील. त्यांची भीती खोटी नाही. तडजोड अशी झाली की या प्रश्नाचे गुण वेगळ्या रकान्यात दाखवायचे आणि पालकसभेत मुलांची पानंच पालकांपुढे ठेवायची. पेपर तपासून होत आले आहेत. अनेकांनी प्रश्न सोडून दिला आहे, काहींनी 'माय डेली रूटीन' लिहिलं आहे. उरलेल्यांत हळद शिजवणं आहे, विहिरीची मोटर उतरवणं आहे, आणि एका मुलानं वडिलांच्या पंक्चरच्या दुकानातलं काम ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधण्यापासून पायरीपायरीनं लिहिलं आहे.